ड्रिमोना ते अर्मिरो, हवेतून सात मिनिटं

शेजारच्या ड्रिमोना बेटावरच्या विमानतळावरून आमच्या अर्मिरोच्या विमानतळावर यायला विमानाला सात मिनिटं लागतात. वारा पाठीवर असला तर सहा. हवाईसुंदरी ज्या दमात पट्टे बांधायला सांगते त्याच दमात सोडायलाही सांगते. दर उन्हाळ्यात कुणीतरी गोरापान पाहुणा माझ्या काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "एवढ्याशा अंतराला विमान?" मी त्याला खिडकीतून सामुद्रधुनी दाखवते आणि म्हणते, जानेवारीत या, मग बोलू. बोट बेटाला वळसा घालून अडीच तास घेते, तेही समुद्राची मर्जी असेल तर. नसेल तर आठवडा घेते. माझी आई ड्रिमोनाची होती. तिच्या लग्नात वधूपक्ष वाऱ्यामुळे चार दिवस पलीकडे अडकून पडला आणि इकडे वरपक्षानं लग्नाचे सगळे बोकड खाऊन टाकले. शेवटी लग्न लागलं ते मसुराच्या आमटीवर. आई मरेपर्यंत बाबांना त्यावरून ऐकवत होती.

माझं नाव थेक्ला. अर्मिरोच्या विमानतळावर तिकीट मी बघते, हवामान मी बघते, वैमानिकाशी रेडिओवर मीच बोलते. अग्निशामक बंब माझा चुलत भाऊ सावास चालवतो, जो एरवी मासे धरतो. पलीकडे ड्रिमोनाला हेच सगळं पानोर्मितिस करतो. त्याच्याशी मी बावीस वर्षं रोज फोनवर भांडत आलेय. प्रत्यक्ष भेट मात्र दोनदाच झाली, दोन्ही वेळा कुणाच्यातरी मयताला.

यंदाच्या ईस्टरला पवित्र ज्योत आमच्या बेटावर पहिल्यांदाच त्याच दिवशी पोचणार होती, विमानानं. ती जेरुसलेमला ख्रिस्ताच्या थडग्यातून निघते, शनिवारी दुपारी. संध्याकाळी अथेन्सच्या विमानतळावर तिला एखाद्या राजासारखी सलामी देऊन उतरवतात आणि मग कंदिला-कंदिलांतून ती देशभर जाते. आमच्याकडे ती बोटीनं यायची, कधी सोमवारी, कधी मंगळवारी. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले सगळे दिवे मालवून आमचा पाद्री "या, प्रकाश घ्या" म्हणत बाहेर यायचा, तेव्हा त्याच्या हातातली मेणबत्ती आत वेदीमागे लायटरनं पेटवलेली असायची. लायटरचा खट्ट आवाज सगळ्यांना ऐकू यायचा. यंदा मी तीन महिने अथेन्सच्या साहेबांचं डोकं खाल्लं. शेवटी त्यांनी हात टेकले आणि शनिवारच्या विमानात कंदील ठेवायला कबूल झाले.

हे सगळं मी बेटासाठी केलं असं लोक म्हणतात. म्हणू देत. मी ते बाबांसाठी केलं.

माझे वडील कप्तान मिनास. त्यांचं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलं, घरचा ईस्टर त्यांना क्वचितच मिळाला. जहाजावर पाद्री नसतो, त्यामुळे ते काम कप्तानाकडे येतं. मध्यरात्री जहाज ज्या कुठल्या समुद्रात असेल तिथे दिवे मालवले जायचे, खलाशी वर गोळा व्हायचे आणि बाबा अंधारात काडी ओढून पहिली मेणबत्ती लावायचे. मग बाकीचे त्यांच्याकडून घ्यायचे. एका वर्षी मोठ्या वादळानंतर इंजिनवरचा एक माणूस त्या ज्योतीपुढे गुडघे टेकून पोरासारखा रडला.

"तो काडेपेटीपुढे रडत होता, थेक्ला," बाबा मला सांगायचे. "आयुष्यभर मी लोकांना काडेपेटीचा प्रकाश वाटला. मला कधी कुणी दिलाच नाही. एकदा मला घ्यायचाय. दुसऱ्यानं दिलेला, तिथून आलेला."

मार्चमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. गुड फ्रायडेला डॉक्टरीणबाईंनी मला अंगणात बोलावलं आणि आज किंवा उद्या, एवढंच सांगितलं. मी आत गेले तर बाबांनी सगळं ऐकल्यासारखं विचारलं, "विमान किती वाजता?"

"उद्या संध्याकाळी सातच्या सुमाराला."

"बरं," ते म्हणाले. "तोवर थांबतो."

शनिवारी सकाळपासून उत्तरेचा वारा सुटला. हा वारा आमच्याकडे हवा धुऊन काढतो. ड्रिमोनाचे डोंगर इतके जवळ दिसतात की पलीकडची गाढवं मोजावीत. पण आमची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, वारा तिला आडवा बसतो, आणि ती आखूड आहे, दोन्ही टोकांना समुद्र. वारा मोजायच्या काट्यावर एक लाल रेघ आहे. काटा तिच्या पलीकडे गेला की उतरायचं नाही, विषय संपला.

सात वाजून गेले आणि रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला. "अर्मिरो, वारा सांगा."

काटा लाल रेघेच्या वर थरथरत होता. मधेच एकदा तो खाली आला, श्वासभर. त्या क्षणी तो आकडा सांगितला असता तर कुणी मला खोटं म्हणू शकलं नसतं. विमानात पंधरा-सोळा माणसं होती, आमचीच, सणाला घरी येणारी. आणि एका आसनाला पट्ट्यानं बांधलेला तो कंदील होता. काटा पुन्हा वर गेला. मी वरचा आकडा सांगितला.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं, एवढं खालून की खिडक्या मोजता आल्या. मग ते वळलं आणि ड्रिमोनाकडे गेलं. तिकडची पट्टी लांब आहे आणि वाऱ्याच्या तोंडाला आहे.

सावास बंबाच्या पायरीवर उभा होता. "दोन आकडे कमी सांगितले असतेस तर?"

"तर तू आत्ता हा बंब घेऊन समुद्रात धावला असतास. गप्प बस."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. थोड्या वेळानं फोन वाजला.

"तुझा पेटता पाहुणा माझ्या टेबलावर बसलाय," पानोर्मितिस म्हणाला. "कॉफी विचारली, नको म्हणाला. रात्रभर ठेवून घेऊ का? भाडं लावीन."

"पानोर्मिती, हसू नकोस. बाबा उद्याची सकाळ बघत नाहीत."

बाबांना तो ओळखत होता. ड्रिमोनाची निम्मी पोरं बाबांच्याच जहाजांवर कामाला लागली होती. "सोमवारपर्यंत वारा पडत नाही, थेक्ला," तो हळू आवाजात म्हणाला. हे मलाही माहीत होतं. अंदाज मीच त्याला वाचून दाखवला होता.

घरी आले तर बाबा उशीला टेकून खिडकीकडे बघत होते. ती खिडकी त्यांनी घर बांधताना मुद्दाम समुद्राकडे काढून घेतली होती. आई म्हणायची, घरी आला तरी हा माणूस जहाजावरच असतो.

"वरून गेलं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तूच सांगितलास ना वारा?"

"हो."

"बरोबर सांगितलास?"

मी नुसती मान डोलावली. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं, जसं जहाजावर एखाद्या चांगल्या सुकाणूवाल्याला थोपटत असतील.

सावास माझ्या मागोमाग आत आला. "काका, मी बोट काढतो. बेटाच्या आडोशानं जातो. तीन तासांत कंदील आणून देतो."

"बंदर बंद आहे."

"बंदरवाले आज ईस्टरच्या कोकराच्या मागे लागलेत. कुणी बघत नाही."

बाबा उठून बसायला लागले. त्यांच्यानं होईना, पण आवाज मात्र उठला. तो मी लहानपणी एकदाच ऐकला होता, जहाज धक्क्याला लागताना. "आणि मी तुझ्या बायकोला काय सांगू? दिवा आणायला गेला होता म्हणून? मी जिवंत असेपर्यंत या घरातून आज कुणी समुद्रावर जाणार नाही. आणि मी अजून जिवंत आहे. दिसतंय ना तुला?"

"दिसतंय, काका."

"मग बस खाली."

सावास खाली बसला. बाहेर उजेड उतरत होता आणि ड्रिमोनाचं टोक अजून लख्ख दिसत होतं, त्यावरच्या पांढऱ्या चॅपलसकट. चॅपलच्या मागेच त्यांच्या धावपट्टीचा शेवट आहे. बाबा तिकडेच बघत होते.

"पानोर्मितिसला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, दाखव."

"काय दाखव?"

"दिवा. आणता येत नसेल तर दाखव. आम्ही जन्मभर दिवे नुसते बघूनच घरी आलो. कधी कुठल्या दीपगृहाला हात लावला होता?"

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि पांघरुणावर ठेवला. पानोर्मितिसनं एकही फाटा फोडला नाही. कंदील घेऊन तो टोकावर गेला, धापा टाकत आम्हाला सांगत होता, चॅपलच्या भिंतीवर उभा आहे, कंदील वर धरलाय, दिसतोय का?

आम्ही तिघंही बघत होतो. काही दिसत नव्हतं.

"सहा मैलांवरून कंदील दिसत नसतो रे," बाबा म्हणाले. "जाळ कर. माणसाच्या उंचीचा तरी हवा."

"कप्तान, इथे लाकूड कुठलं? इथे उभं झाडसुद्धा..." तो अडखळला. मग फक्त वारा ऐकू आला. "लाकूड आहे. पण ते... ते ज्युडासचं आहे."

ईस्टरच्या मध्यरात्री ते लोक ज्युडासला जाळतात, ख्रिस्ताला दगा देणाऱ्याला. गवताचा माणूस करतात, त्याला कुणाचातरी जुना कोट घालतात आणि पोरं महिनाभर समुद्रकाठची लाकडं गोळा करून त्याच्यासाठी ढीग रचतात. तो ढीग चॅपलच्या अंगणातच होता आणि त्यावर ज्युडास बसलेला होता.

माझा पारा चढला. "माझ्या बापाला तू ज्युडासच्या चितेचा उजेड दाखवणार?"

"मग काय जाळू? ऑफिसातलं फर्निचर?"

"जाळ!"

"सरकारी आहे, बाई!"

बाबा हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, सावासनं पाणी दिलं, तरी ते हसतच होते. "त्याला खाली उतरवा," ते म्हणाले. "उतरवून बाजूला बसवा. त्यालाही बघू दे."

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. तिकडचे पाद्री पापा-थेमेलिस चॅपलमध्येच होते, रात्रीची तयारी करत. त्यांना कळलं तसे ते बाहेर आले आणि त्यांचा आवाज आम्हाला फोनवर ऐकू आला. मध्यरात्रीच्या आधी ही ज्योत कुणालाच देता येत नाही, ना माणसाला, ना लाकडाला. ख्रिस्त अजून थडग्यात आहे. ज्योत त्याच्या उठण्याची आहे, त्याच्या आधी ती कशी देणार? त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या पाद्रीनंही हेच सांगितलं असतं.

"फोन त्यांच्याकडे दे," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, दम गोळा करून, "पापा, मी मिनास. माझी बायको तुमच्या गावची होती."

"ओळखतो, कप्तान. तिचं नाव मी अजून प्रार्थनेत घेतो."

"पापा, मध्यरात्रीपर्यंत थांबायचा माझा विचार होता. पण ते जमेलसं वाटत नाही."

फोनमध्ये वारा घोंघावत राहिला. सावास छातीवर क्रूस काढत होता, पुन्हा पुन्हा, आपण काय करतोय हे कळत नसल्यासारखा.

"कप्तान," पाद्री म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पहाटे बायका थडग्यापाशी गेल्या तेव्हा ते रिकामंच होतं. तो उठला तेव्हा तिथे कुणीच नव्हतं. नेमका किती वाजता उठला ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही." मग ते फोनपासून तोंड वळवून ओरडले, "पानोर्मिती! काढ त्याला खाली!"

पुढचा सगळा गोंधळ आम्ही ऐकला. ज्युडासचा पाय कशाततरी अडकला होता. कुणीतरी ओरडलं, अरे कोट फाटेल, माझ्या मेहुण्याचा आहे. बायका आल्या, हे कशासाठी असं विचारत आल्या आणि ऐकून गप्प झाल्या. गाव तिथून जवळ आहे, एकानं दुसऱ्याला सांगितलं असणार, कारण पावलांचा आवाज वाढत गेला आणि बोलणं कमी होत गेलं. एवढी ड्रिमोनाची माणसं एका जागी गप्प उभी राहिलेली मी कधी ऐकली नव्हती.

एव्हाना अंधार पडला होता. मी सावासला विमानतळावर पाठवलं आणि धावपट्टीचे दिवे घालवायला सांगितले, बाबांच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. ते विझले. मग खोलीतला दिवाही मी मालवला. आता समोर नुसतं काळं पाणी होतं आणि त्यापलीकडे त्याहून काळा डोंगर.

फोनवर पापा-थेमेलिस म्हणायला लागले. म्हातारा, फाटका आवाज, वाऱ्यानं अर्धा उडवलेला. "या, प्रकाश घ्या, कधी न मावळणाऱ्या प्रकाशातून..."

आधी काही नव्हतं. मग होतं. डोंगराच्या पायथ्याशी एक लाल ठिपका, इतका लहान की मला तो डोळ्यांतला भास वाटला. तो थरथरला, मेल्यासारखा झाला, आणि मग वाऱ्यानं त्याला उचललं आणि तो सोनेरी झाला, उभा राहिला. तीच ज्योत होती ती. दुपारी जेरुसलेमला होती. मध्ये अख्खा समुद्र, अथेन्स, दोन विमानतळ, एक लाल रेघ, आणि आता ती माझ्या बापाच्या खिडकीत होती. या शेवटच्या सहा मैलांना विमानाला सात मिनिटं लागतात. हिला काहीच लागलं नाही. तिथे पेटली आणि इथे होती, मधे वेळ म्हणून काही नव्हतंच. बावीस वर्षं मी हेच अंतर मोजत, लिहीत आणि लोकांना सांगत आले होते, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी गुडघ्यांवर कधी बसले ते मला आठवत नाही.

"दिसतंय, बाबा?"

"मला आधी दिसलं," ते म्हणाले. "मेणबत्ती दे."

चर्चला न्यायची मेणबत्ती मी त्यांच्या हातात दिली, लांब, पांढरी. ती पेटवायला काहीतरी आणावं म्हणून मी उठले तर त्यांनी मान हलवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, कोपर उशीत रोवलं, एक डोळा मिटला आणि मेणबत्ती हळूहळू हलवायला लागले. थोडी डावीकडे. थोडी खाली. मला वाटलं, भ्रम झाला. मग त्यांचे हात थांबले.

"पेटली," ते म्हणाले.

मेणबत्ती पेटलेली नव्हती. अंधारात मला तिची नुसती पांढरट काठी दिसत होती. "हो, बाबा," मी म्हणाले, जसं आजारी माणसाला म्हणतात तसं.

"हो काय? तिथून तुला काय दिसणार? इकडे ये. डोकं इथे ठेव."

मी पलंगावर वाकले आणि त्यांच्या उशीवर, त्यांच्या गालाला गाल लावून डोकं ठेवलं. त्यांची दाढी मला टोचली. मी एक डोळा मिटला.

ज्योत वातीवर होती. पलीकडच्या टोकावरचा तो जाळ नेमका वातीच्या टोकावर येऊन बसला होता, उभा, सोनेरी, मेणबत्तीला असावा तेवढाच. वारा तिकडे वाहत होता आणि ती इथे हलत होती.

"घेतला," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास माझ्या कानाजवळ होता. "दिला त्यांनी. बघितलंस?"

"बघितलं."

"किती माणसं असतील तिथे?"

"सगळं गाव आहे, बाबा."

ते आणखी काही बोलले नाहीत. पांघरुणावर पानोर्मितिस हळूच हाका मारत होता, थेक्ला, थेक्ला, दिसलं का त्यांना, आणि त्याच्यामागे सगळं गाव गात होतं. बाबांच्या हातांचं वजन हळूहळू माझ्या हातांत आलं. मी मेणबत्ती त्यांच्या बोटांवरून धरून ठेवली, होती तिथेच. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला.

मी मान हलवली नाही. हलवली असती तर विझली असती.